पत्र्यातलं भोक

लेकीकडून परत आल्यावर आर्डिथने हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच भावाच्या शेडमध्ये शिरली, ट्रेलरच्या डाव्या अंगाला वळली आणि जागीच थबकली. भोक नव्हतं. तिथे नवाकोरा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा होता, इतका घासलेला की त्यात तिला स्वतःचाच लाल झालेला चेहरा दिसला.

"लॉयल!"

तिचा भाऊ चिंधीला हात पुसत पुढे आला. "कसं झालंय? सगळा पत्रा बदलला. आतलं प्लायवूडसुद्धा. जोड शोधून दाखव."

"भोक कुठंय?"

"त्या भोकातून पाणी जाऊन चौकटीचं लाकूड कुजलं होतं. हातात भुगा आला माझ्या."

"मग लाकूड बदलायचंस. भोक का बुजवलंस? जुना पत्रा कुठंय?"

"भंगारात दिला."

आर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडीमागे ओढत न्यायचं हे चाकांवरचं घर त्यांच्या बापाचं. त्यांचं सगळं लहानपण त्यातच गेलं. चेरी संपली की सफरचंद, जिथे तोडणी तिथे मुक्काम. पुढे ते एका बागायतदाराच्या गोठ्यामागे सडत पडलं होतं. म्हातारपणी दोघा भावंडांनी ते ओढून आणलं आणि दोघं त्याच्या डागडुजीला लागली. लॉयल आयुष्यभर वेल्डिंग केलेला माणूस, त्यामुळे कामाला अडलं नाही.

लहानपणी लॉयलला दमा होता. तो खालच्या फळीवर निजायचा. त्या बाजूला खिडकी नाही, रॉकेलच्या स्टोव्हचा धूर तिथेच कोंडायचा आणि पोर निळं पडायचं. एकदा बाप गुत्त्यात असताना आईने पत्रा कापायची कात्री घेतली आणि पोराच्या तोंडासमोर भिंतीला भोक पाडलं. पीठ चाळायच्या चाळणीची जाळी काढून त्यावर ठोकली. लॉयल श्वास घ्यायला लागला. मग बाप आला. बायकोपोरांना कधी मायेने हात लावला नसेल, पण दर रविवारी तो ट्रेलर घासून लखलखीत करायचा. भोक बघितल्यावर त्याने आईचे पुढचे दोन दात पाडले.

"शनिवारी जुन्या ट्रेलरांच्या मेळाव्यात दार उघडं ठेवायचं असतं," लॉयल म्हणाला. "गावभरची माणसं आत डोकावणार. त्यांना काय सांगू?"

"झालं ते सांग."

"ती काय लोकांपुढे मांडायची गोष्ट आहे?"

"लाज कुणाची वाटते तुला? आईची?"

"माझी!" लॉयल ओरडला. "माझ्यामुळे गेले ते दात. तू वर पांघरुणात तोंड खुपसून होतीस. मी खालून सगळं बघितलं. त्यानंतर कधी तोंडावर हात धरल्याशिवाय हसली का ती?"

आर्डिथचा राग उतरला नाही. "म्हणून तिचं काम पुसलंस आणि बापाचा पत्रा तेवढा चमकवलास? घासतोसही अगदी त्याच्यासारखाच. गोल गोल."

"तोंड सांभाळ, आर्डिथ."

"कात्री दे."

"कापलंस तर शनिवारी मी ट्रेलरला ट्रक जोडणार नाही."

"नको जोडूस."

तिने स्वतःच कात्री आणि ड्रिल उचललं, ती आत गेली आणि गुडघे कुरकुरत असताना खालच्या फळीवर आडवी झाली. लहान पोराचं तोंड कुठे येईल ते हाताने चाचपलं, पेन्सिलीने खूण केली आणि ड्रिल लावलं. आधी प्लायवूड, मग पत्रा. बाहेर लॉयल दातओठ खात उभा होता. कात्रीचं टोक पत्र्यातून बाहेर आलं तशी त्याला राहवेना.

"अगं, चौकट सोडून काप! चौकट सोडून!"

"मला शिकवू नकोस!"

कापल्यावर तिने जाळी ठोकली, कडेने लुकण भरलं आणि पुन्हा लाकूड कुजू नये म्हणून वर पत्र्याची उतरती झापही बसवली.

शनिवारी ट्रक लॉयलनेच जोडला, कारण आर्डिथला ट्रेलर मागे घेता येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही.

सरोवराकाठी जुने ट्रेलर ओळीने लागले होते. शेजारच्यापुढे शोभेचे गुलाबी प्लास्टिकचे फ्लेमिंगो पक्षी. दारं उघडली तशा बायका आत शिरायला लागल्या.

"किती गोडुलं!" चेरीच्या छापाच्या फ्रॉकमधली एक बाई चीत्कारली. "सुट्टीत काय धमाल करत असाल तुम्ही! आणि ही जाळी काय, मांजराला बाहेर बघायला?"

"माझ्या आईने इथे भोक पाडलं होतं," आर्डिथ म्हणाली. "त्यापायी माझ्या बापाने तिचे दोन दात पाडले."

बाईचं हसू तोंडातच सुकलं. ती पुटपुटत बाहेर पडली. जो येईल त्याला आर्डिथने हेच सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा चढ्या आवाजात. बाहेर घडीच्या खुर्चीत लॉयल खाली मान घालून बसला होता.

"हळू बोल," तो फणकारला.

"तेव्हा आपण सगळेच हळू बोलत होतो," ती आतून म्हणाली.

दुपारी टोपीवाला एक म्हातारा आला. त्याने तिचं ऐकून घेतलं, पण गेला नाही. जाळीला बोट लावून त्याने विचारलं, "पण तिने कापलं कशासाठी?"

आर्डिथने तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर खुर्ची करकरली. लॉयल दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा रागाने काळवंडला होता.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "मला श्वास घेता येत नव्हता."

म्हाताऱ्याने टोपी काढली. लॉयल आत आला, बहिणीला बाजूला सारून त्याने जाळीवर हात ठेवला.

"आणि हे वाकडं दिसतंय ना, ते हिने कापलंय," तो म्हणाला. "आईचं सरळ होतं."