गुंडीचा पट्टा आणि पिशवीवरचा कुत्रा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, कुत्र्याच्या गळ्यातला. ज्या म्हशीच्या कातड्यातून मी निघालो ती जिवंतपणी इतकी हट्टी होती, की मेल्यावरही तिच्या कातड्याने कारागिराच्या तीन सुया मोडल्या आणि चौथी वाकवून परत केली. घाम पुसत तो म्हणाला, "हा काही जन्मात ताणायचा नाही!" मग त्याने रागारागाने माझ्या आतल्या अंगाला माझ्या लांबीचा आकडा ठोकला, बक्कल बसवले आणि मला दुकानात धाडून दिले.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पुढे दुकान, मध्ये पडदा आणि पडद्यामागे मास्तर व काकूंचा संसार. मास्तरांची नजर अशी, की समोरच्या फुटपाथवरून चाललेल्या माणसाची कंबर ते चहा पिता पिता सांगत. तो माणूस आत येईपर्यंत कापडावर खडूची रेघ मारलेली असे! आता माझ्या बोलण्यात थोडी भर असते हे मी नाकारत नाही. पण पुढे जे सांगणार आहे त्यात मी काहीही वाढवलेले नाही. वाढवायला मन झाले नाही.

मला मास्तरांनी गुंडीच्या गळ्यात बांधले. गुंडी म्हणजे त्यांची कुत्री. घरात पाऊल टाकताच तिने शर्टाची गुंडी गिळली, म्हणून हे नाव. दिवसभर ती शिलाई मशिनच्या पायडलजवळ पडून असे. त्या खडखडाटात तिला गाढ झोप लागे, आणि मशीन थांबले की दचकून जाग येई. गिऱ्हाइके म्हणत, "मास्तर, पट्टा शोभतो हो हिला!" मी ऐटीत आणखी कडक होई.

सुरुवातीला काकू तिच्यासाठी वेगळे शिजवत. मग शाळांच्या गणवेशांचे काम आले आणि काकूही रात्रंदिवस काजे करू लागल्या. तेव्हा मास्तर बाजारातून कुत्र्यांचे तयार खाणे आणायला गेले. सोबत काकू होत्या, गुंडी होती, आणि अर्थात मी होतो.

फळीवर दोन पिशव्या होत्या. एक साधी, बारीक अक्षरांनी भरलेली. दुसरीवर उडी मारणारा एक तुकतुकीत कुत्रा छापलेला.

"यातलं चांगलं कोणतं?" मास्तरांनी विचारले.

"हे काय विचारणं झालं?" दुकानदार म्हणाला. "कुत्रा बघा ना त्याच्यावरचा!"

काकूंनी पिशवीच्या खिडकीतून आतले रंगीत दाणे न्याहाळले. "लाल ते मटणाचे असतील. हिरवे भाजीचे. आणि पिवळे अंड्याचे, नाही का हो?"

"काकू, तुम्हाला शिकवायची सोयच नाही!"

मित्रांनो, हेच मास्तर वीतभर कापड घेताना ते चुरगाळून पाहत, उजेडात धरत, दोरा उपसून दाताखाली चावत. आणि त्या दिवशी चित्र बघून पिशवी खांद्यावर टाकून घरी आले.

गुंडी त्या दाण्यांवर तुटून पडली. भांडे चाटून लख्ख केले.

"बघा, कणभर ठेवलं नाही," काकू म्हणाल्या. "किती आवडलंय!"

पण चाटून झाल्यावरही ती भांड्यापाशीच बसून राही. जेवढे आत जाई तेवढे सगळे शीवाटे बाहेर येई. तिचे केस रुक्ष झाले, झडू लागले. माझ्या कडेने ती सारखी खाजवी. तरी उरलेल्या दाट केसांमुळे कुणाला काही दिसले नाही. कळले ते फक्त मला, कारण तिच्या आणि माझ्या मध्ये आधी एक बोट शिरू लागले, मग दोन, मग अख्खा हात.

एकदा मी तिच्या डोक्यावरून घसरून पडलो. मास्तरांनी मला उचलले, ओढून पाहिले आणि म्हणाले, "चामडं ढिलं पडलं. वापरलं की ताणतंच." त्यांनी आरी घेऊन मला नवे भोक पाडले. काही दिवसांनी आणखी एक. मी जीव तोडून ओरडलो. पण चामड्याला ओरडायचे तरी किती येते? करकर तेवढी झाली. काकू म्हणाल्या, "कोरडा पडलाय वाटतं," आणि त्यांनी मला तेल लावले.

मग नोकरीच्या गावाहून त्यांची लेक आली. चप्पल काढता काढताच थबकली.

"बाबा, हिला काय झालंय?"

"काय व्हायचंय? केस झडतायत. आणि पट्टाही टाकाऊ निघाला, ताणतच चाललाय."

"पट्टा ताणलाय?"

"चामडं आहे ते. आयुष्य गेलं माझं मापं घेण्यात, मला शिकवू नकोस."

"मग घ्या की माप!"

मास्तर हसले. मला टेबलावर सरळ करून त्यांनी वर टेप धरली. मग माझ्या आतला ठोकलेला आकडा चष्मा वर करून वाचला. पुन्हा टेप धरली. मी सूतभरही वाढलो नव्हतो.

त्यांचे हसू गेले. ते खाली बसले आणि केस दाबून गुंडीच्या अंगावरून हात फिरवू लागले. शटरच्या पट्ट्यांसारख्या फासळ्या हाताला लागत होत्या.

"आणि मी भोकं पाडत बसलो," ते म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गुंडीला तपासले आणि ती पिशवी मागवून उलटी केली. "जे जास्त असतं ते आधी लिहितात. पहिलं मक्याचं पीठ. मग कोंडा. मांस शोधा बरं."

मास्तरांचे बोट ओळींवरून खाली सरकत गेले. "मिठाच्याही खाली आहे हो."

"वाढीच्या वयातली कुत्री ही. पोट भरलं, अंग भरलं नाही. आता ताप चढलाय. सगळा दोष मी पिशवीला देणार नाही. पण तापाशी झगडायला हिच्यात काही उरलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले चांगले खाणे त्याच दिवशी घरात आले. काकूंनी ते कोमट पाण्यात कुस्करून बोटाने भरवले. गुंडीने बोट चाटले, खाणे तसेच राहिले.

दुसऱ्या दुपारी मास्तरांनी तिला पायडलजवळ ठेवले आणि मशीन सुरू केले. सुईखाली कापड नव्हते. नुसतेच ते चालवत राहिले, तिला झोप लागावी म्हणून. बऱ्याच वेळाने काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, थांबवा आता."

मशीन थांबले. गुंडी दचकली नाही.

आता मी दुकानात खिळ्यावर आहे. कुणी कुत्रा घेऊन आले की मास्तर आधी त्याच्या फासळ्या चाचपतात.

"मास्तर, शर्ट मला शिवायचाय!" गिऱ्हाईक हसते.

"तुमचं माप लांबूनही दिसतं हो. याचं केसांत लपतं. काय घालता खायला? पिशवी मागून वाचली का?"

मित्रांनो, मीही तेच विचारतो. पिशवी उलटी करा. कुत्र्याचे वय आणि तब्येत सांगून डॉक्टरांचा सल्ला घ्या. खाणे बदलायचे तर जुन्यात थोडे थोडे मिसळत बदला, आणि त्याच्या अंगावरून रोज हात फिरवा. त्याला आवडले म्हणजे चांगले आहे, असे मात्र समजू नका. ती पिशवी नुसती खुळखुळली तरी गुंडी धावत यायची, आणि शेवटपर्यंत त्या पिशवीला पाहून शेपटी हलवायची.