तापलेलं नव्हे, उकळलेलं!

मी एक जुनी पातेली आहे. पोचे पडलेत, पण ते अंगाला, जिभेला नाहीत. मित्रांनो, मला घडवणाऱ्याने ठोकून ठोकून घडवलं, म्हणून कुणी मारलेला टोला मी विसरत नाही.

चिमीच्या आजीने मला एकच काम दिलं होतं: पोरांचं प्यायचं पाणी खळाखळा उकळायचं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही डोळ्यांना न दिसणारे परजीवी असतात. ते पोरांच्या आतड्यात बिऱ्हाड करतात आणि जुलाबाने त्यांना पिळून काढतात. मी त्यांचा निर्वंश करायचे. "माझी पातेली म्हणजे फौजदार!" आजी म्हणायची, आणि मी फुगायचे.

मग आजी लेकीच्या बाळंतपणाला गेली. चिमीच्या काकूने नवं चकचकीत पातेलं काढलं आणि मला फरशी पुसायच्या पाण्याला लावलं. मला!

"किती वेळ उकळत बसायचं? तापलं की झालं," ती म्हणाली.

कोमट पाणी! परजीवींची तर आंघोळच झाली.

रांगत्या चिमीला जुलाब लागले. "दात येताहेत, होणारच," काकू म्हणाली. दात काही आले नाहीत, चिमी मात्र वाळत गेली. डोळे खोल गेले, रडायलाही जोर उरला नाही. मी मोरीत घाण पाणी पोटात घेऊन धुमसत होते.

आजी धावत परतली. तेवढ्यात चिमीची आई तिला घेऊन दवाखान्यातून आली. "परजीवी निघाले पोटात. पाणी उकळून देता ना, विचारलं डॉक्टरांनी."

"देतो की, गरम करून!" काकू म्हणाली.

"गरम की उकळून? तुझा तर चहासुद्धा कच्चा लागतो गं!" आजी कडाडली.

आजीने मला घासून लख्ख केलं आणि काकूलाच माझ्यासमोर उभं केलं. "उकळी फुटेपर्यंत हलायचं नाही."

मी मुद्दाम वेळ लावला. काकूच्या नाकावरून घाम ओघळला. परजीवींना म्हटलं, "बसा निवांत, कोमटच आहे अजून." मग आले उकळीला! एकही सुटला नाही. दया? ती मोरीतच राहिली.

माझंच उकळून गार केलेलं पाणी मीठ-साखर विरघळवून पाजलं, औषध दिलं, तशी चिमी सावरली.

मित्रांनो, घरी विचारा: पाणी तापलंय की उकळलंय? आणि शी करून आलात की साबणाने हात धुवा. तुमचे हात काही मला उकळता येत नाहीत.

आता चिमी चमचा घेऊन मला बडवत बसते. तेवढे टोले मी माफ केलेत. काकूचा नाही.