मानपानाचा तह

एकेकाळी दोघांचीही साम्राज्यं होती. आता उरले होते दोन मध्यम आकाराचे देश, मध्ये एक चिंचोळा समुद्र आणि त्यावरून पेटलेली लढाई. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अबू धाबीतल्या आमच्या हॉटेलात ते तह करायला आले, तेव्हा पहिला अख्खा दिवस दारातून आधी कोण शिरणार यातच गेला. शेवटी मी सरकतं पार्टिशन उघडून हॉलला दुसरं दार करून दिलं.

मी अनुपमा, इथली बँक्वेट मॅनेजर. मराठी लग्नांतले मानपान सांभाळून माझे केस पिकलेत, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही. आत वेटर नकोत, दोघांना चालेल असा एकच माणूस हवा, असं ठरलं तेव्हा माझे बॉस हम्माद यांनी माझं नाव सुचवलं. नियम एकच होता: एकाला जे द्यायचं, ते त्याच क्षणी दुसऱ्याला. टेबलाच्या टोकाशी उभं राहून दोन हातांत पाण्याचे दोन जग धरून एकदम ओतायला मी शिकले.

हम्मादना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. माझा धाकटा भाऊ सुजीत ज्या जहाजावर इंजिनिअर आहे, ते त्याच समुद्रात अडकवून ठेवलेलं होतं. तहावर सह्या झाल्या की जहाजं सुटणार होती. हे कळलं असतं तर मला त्या हॉलच्या आसपासही फिरकू दिलं नसतं.

सह्यांच्या दिवशी सकाळी अजमानहून सुजीतच्या बायकोचा, शुभ्राचा फोन आला.

"ताई, आज साइन होणार ना नक्की? पाणी मोजून देतायत त्यांना. काल व्हॉइस नोटमध्ये सुजीतचा आवाजच फुटत नव्हता."

"होईल गं. इन्शाल्ला म्हण आणि दियाला शाळेत सोड."

म्हटलं खरं, पण खात्री मलाही नव्हती. फोन सिक्युरिटीकडे जमा केला आणि आत गेले.

तहाच्या दोन प्रती होत्या. प्रत्येकाच्या प्रतीत त्याच्या देशाचं नाव आधी. समोरासमोर दोन मंत्री बसले, एक पंचाहत्तरीचे, दुसरे जेमतेम पंचेचाळीसचे. दोघांनी पेनं उचलली आणि म्हाताऱ्यांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, श्वास घेता येईना.

आणि मी काय केलं? घरी आयुष्यभर केलं तेच. वडीलधाऱ्यांना आधी पाणी दिलं. दुसऱ्या हातातला जग तसाच राहिला.

तरुण मंत्र्यांनी पेन बंद केलं. "म्हणजे पाणीसुद्धा आधी त्यांना?" असं इंग्रजीत म्हणून ते उठले, आणि पाठोपाठ त्यांची सगळी माणसं. म्हातारे पाणी प्याले आणि जिंकल्यासारखे गालात हसले. त्या हसण्यानं आगीत तेल ओतलं.

"एक्सलन्सी, प्लीज," हम्माद आडवे आले. कुणी ऐकेना. तरुण मंत्री दारापर्यंत पोचले होते. माझ्या भावाचं पाणी मीच तोडलं होतं.

तेव्हा मला दुबईतलं एक लग्न आठवलं. व्याही हमरीतुमरीवर आलेले, वऱ्हाड परत निघालेलं, आणि दोन्ही घरं एक झाली ती केटररला शिव्या घालताना. मनोमिलनाला तिसरा गुन्हेगार लागतो.

"सर, मी मान वगैरे दिलेला नाही," मी ठणकावून म्हटलं. "ते म्हातारे आहेत, त्यांचा हात थरथरतो. आमच्याकडे पाणी आधी म्हाताऱ्यांना, मग रुसलेल्या पोरांना. बसा, देते तुम्हालाही."

म्हाताऱ्यांचं हसू मावळलं.

"ही बाई कोण आहे?" ते गरजले.

"मीही तेच विचारतोय," तरुण मंत्री तरातरा परत आले. "हिला बाहेर काढा."

"आत्ताच्या आत्ता! आमची दोघांची मागणी आहे," म्हाताऱ्यांनी री ओढली.

दोघांची! हा शब्द त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला. मला बाहेर काढायला मात्र कुठलंही दार चाललं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी भिंतीला टेकून उभी राहिले. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. एवढं करूनही फिसकटलं तर शुभ्राला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात फिरत होतं. मग टाळ्या वाजल्या.

हम्माद बाहेर आले. "खलास. साइन झालं." माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "पण दोघांनी मिळून मॅनेजमेंटकडे कंप्लेंट केलीय. उद्यापासून तुम्ही येऊ नका. व्हाय, अनुपमा? तुम्ही अशा नाही आहात."

"माझा भाऊ तिथे अडकलाय," मी सांगून टाकलं.

ते स्वतः जाऊन माझा फोन घेऊन आले.

संध्याकाळी घरी टीव्हीवर जाणकार सांगत होते, की या तहानं मुत्सद्देगिरीत नवं पर्व सुरू झालं, दोघांत एकाएकी समजूतदारपणा आला. मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात सुजीतची व्हॉइस नोट आली.

"ताई, पाण्याची बोट आली गं! आमचे कॅप्टन सगळ्यांत म्हातारे, त्यांना आधी दिलं. मग मी प्यायलो."

मी ती परत लावली, आणि टीव्ही बंद करून ढसाढसा रडले.