सत्तावीस नंबरची पाटी

"पाचवं नाव. गाडी नंबर सत्तावीस, शैलेंद्र कारखानीस." बदरुद्दीनने कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून टेबलाभोवती पाहिलं. "सात सीझन, एकतीस वेळा पहिला. कुणाला काय बोलायचंय?"

पोर्टाकेबिनचा एसी घरघरत होता. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या या छोट्या रेसिंग क्लबला दहा वर्षं होत होती, आणि हॉलच्या भिंतीवर पाच मानकऱ्यांच्या पितळी पाट्या लागायच्या होत्या. निवड करायला चौघं बसली होती. क्लबचा सेक्रेटरी असलेला रत्नागिरीचा बदरुद्दीन, दोन जुने सभासद, आणि वेळ मोजणारी विभावरी.

विभावरी शारजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि शुक्रवारी इथे स्टॉपवॉच घेऊन बसायची. जुन्या गाड्या आतून सोलून, लोखंडी पिंजरा बसवून मातीच्या लंबगोल ट्रॅकवर पळवत. वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीची वेळ ती सेकंदाच्या दशांशापर्यंत लिहायची.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी सत्तावीस नंबरच्या दोन फेऱ्यांमध्ये तीन-तीन सेकंदांचा फरक पडायचा. चौऱ्याण्णवच्या मार्चपासून तो पाव सेकंदाच्या आत आला."

"प्रॅक्टिस," एक सभासद म्हणाला.

"प्रॅक्टिसने माणूस हळूहळू सुधारतो. एका शुक्रवारात नाही. गाडी दुसरं कुणीतरी चालवत होतं."

कुणी काही विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

दौलत पाटण तालुक्यातला. शैलेंद्रच्या वर्कशॉपमध्ये कामाला, व्हिसावर 'हेल्पर'. हेल्परच्या नावाने क्लबचं चालक-कार्ड निघत नसे. त्या मार्चात शैलेंद्रची कंबर धरली आणि त्याने आपलं हेल्मेट दौलतच्या डोक्यावर ठेवलं. गाडी पहिली आली. पुढच्या शुक्रवारी कंबर बरी झाली, पण हेल्मेट दौलतच्याच डोक्यावर राहिलं. बक्षीस घेताना तेवढं ते शैलेंद्रच्या काखेत असे.

मागच्या आठवड्यात दौलत विभावरीला पार्किंगमध्ये भेटला होता. "ताई, आता कायमचा चाललो गावाला. भितीवर नावं लागणार म्हंत्यात. आमच्या पोरीला, प्रज्ञाला खरंच वाटत न्हाई. म्हणती, अण्णा, तुम्ही नटबोल्टच आवळत असणार. कुठं कोपऱ्यात बारकं लिवलं तरी चालंल."

"बघते," ती म्हणाली होती.

बदरुद्दीनने उठून दार लावलं. "मॅडम, मला काय ठाऊक नाय? पण शीटवर नाव कुणाचं?"

"शैलेंद्रचं."

"आणि सही?"

"माझी."

जे दिसतं तेच लिहायचं, असं तिला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. वेळ तिने पाहिली होती. नाव मात्र ती दर शुक्रवारी प्रवेशफॉर्मवरून उतरवत आली होती. सात वर्षं, एकही खाडाखोड न करता.

"आता तुम्ही हे खोटं म्हणालात तर आधी दौलतच लटकेल," बदरुद्दीन हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्याच्या कार्डावर गाडी चालवली ना त्याने. बुधवारी त्याचा व्हिसा कॅन्सल, गुरुवारी विमान. तक्रार झाली तर पासपोर्ट अडकला. खलास. शैलेंद्रचं काय, तो सुटेल."

"मग दौलतसाठी वेगळी पाटी? मेकॅनिक म्हणून तरी?"

"पाट्या पाचच आहेत, मॅडम. आणि मेकॅनिकांचं रेकॉर्ड कुणी ठेवलंय?"

कुणीच नव्हतं ठेवलं. तिनेसुद्धा नाही.

दोन हात वर झाले. मग बदरुद्दीनचा. विभावरीने फाईल मिटली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले, आणि थोड्या वेळाने त्यातला एक उचलला. इतिवृत्त लिहायचं काम तिचंच होतं. 'एकमताने' असं तिने लिहिलं.

मंगळवारी ती हॉलवर पोचली, तेव्हा दौलत ड्रिल घेऊन स्टुलावर उभा होता.

"शेठनी धाडलं," तो म्हणाला. "म्हणले, तुझ्याइतकी सरळ पाटी कुणाला लावता येत न्हाई."

काय झालं ते त्याने विचारलं नाही. पाटी त्यानेच आणली होती.

शैलेंद्र मुलीला घेऊन आला. बारा वर्षांच्या अवनीने इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं. "थर्टी-वन विन्स, डॅड? यू नेव्हर टोल्ड मी."

"अगं, जुनी गोष्ट आहे," शैलेंद्र म्हणाला आणि विभावरीकडे वळला. "वहिनी, थँक यू हं. यल्ला अवनी, चल, उशीर होतोय." बाहेर जाताना तो दौलतच्या बाजूने गेला नाही. खुर्च्यांना वळसा घालून गेला.

दौलतने शेवटचा स्क्रू आवळला आणि खाली उतरून मागे सरकला. "ताई, वाकडी न्हाई न्हवं?"

"नाही. सरळ आहे."

पितळेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. शर्टाच्या टोकाने त्याने तो पुसला. दोनदा पुसला.

विभावरीने पर्समधून कॅमेरा काढला. "दौलत, उभे राहा तिथे. फोटो काढते. प्रज्ञाला दाखवा."

त्याने शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि पाटीशेजारी ताठ उभा राहिला. मग काहीतरी आठवून दोन पावलं बाजूला झाला.

"पाटी येऊ देऊ नका, ताई," तो म्हणाला. "पोरगी विंग्रजी वाचती."

विभावरीने कॅमेरा थोडा वळवला. चौकटीत दौलत उरला, आणि त्याच्या खांद्यामागची पांढरी भिंत.