दगडाबाईच्या गुडघ्यांची ऊब

मी एक घोंगडी. काळी, जाड आणि खरं सांगायचं तर टोचणारी. मला अंगाखाली घेऊन कुणाला गोड झोप लागली असं मी ऐकलेलं नाही. पण झोपण्यासाठी मला कुणी वापरलंच नाही, त्यामुळं त्याचं वाईटही वाटत नाही. मी बेंबळी गावात असते, एका पत्र्याच्या प्रार्थनाघरात. घोंगडी बोलते म्हटल्यावर तुम्ही दचकाल. दचका. पुढं जे सांगणार आहे ते ऐकून नाहीतरी दचकायचंच आहे.

मेंढ्यांच्या अंगावर होते तेव्हाचं फारसं आठवत नाही. उन्हाचा वास आठवतो आणि कातरीचा गार स्पर्श. मग माझं सूत निघालं, मी मागावर चढले आणि चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झाले. जळकोटच्या बाजारात बलभीम नावाच्या शेतकऱ्यानं मला दोन्ही हातांनी ताणून बघितलं, नाकाशी धरून हुंगलं आणि खांद्यावर टाकलं. ज्वारीच्या राखणीला जाताना अंगावर घ्यायला त्याला घोंगडी हवी होती. पण घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं, मला जी हातात घेतली ती पुन्हा नवऱ्याला काही दिली नाही. बिचारा आयुष्यभर थंडीत पोतं पांघरून राखणीला गेला.

गावात ख्रिस्ती घरं पाच-सातच. त्यातलं हे एक. दगडाबाईला अक्षर येत नव्हतं, पण पहाटे कोंबडा आरवायच्या आत ती उठायची, मला जमिनीवर अंथरायची आणि गुडघे टेकायची. तिची प्रार्थना ऐकणाऱ्याला वाटावं, बाई बांधापलीकडच्या माणसाशी बोलतेय. ती देवाशी भांडायची, चिडायची, मग स्वतःच लाजून पदरानं तोंड पुसायची. सासरी नांदणाऱ्या पोरीला माहेराची असते तशी तिला देवाची ओढ होती. काही मागायचं नसलं तरी ती यायची. नुसती बसायची आणि म्हणायची, "आले बाबा. बरं हाय न्हवं?"

बलभीम गेला त्या वर्षीही तिची एक पहाट चुकली नाही. वर्षानुवर्षं त्याच जागी गुडघे टेकून माझी लोकर दोन ठिकाणी झिजली आणि तिथं वाटीएवढ्या दोन खोलगट जागा पडल्या. घडी घातली तरी त्या दिसायच्या.

एक मागणं मात्र ती रोज करायची. तिचा एकुलता एक मुलगा योगीराज. तो बाहेरगावी राहून धर्मशिक्षण घेऊन आला आणि इथल्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाला. दिसायला देखणा, आवाज खणखणीत, बोलायला लागला की माणसं माना डोलवायची. कुठल्याही आईला यापेक्षा काय हवं असतं? पण दगडाबाई कपाळ माझ्यावर टेकून म्हणायची, "देवा, ह्यो तुज्याबद्दल लई ग्वाड बोलतो. पर ह्येला तुजी भूक न्हाय. ह्येला तुजी भूक लागू दे. पोट भरल्यावं बी लागू दे." भिंतीपलीकडं चूल पेटवणारी तिची सून, निकिता, हे ऐकायची आणि गप्प राहायची. योगीराज तेव्हा झोपलेला असायचा.

मग एका हिवाळ्यात दगडाबाई गेली. मागणं तसंच राहिलं.

तिला माती दिली, माणसं पांगली आणि निकितानं माझी घडी घालून मला पेटीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यावर वजन आलं.

खोलीत कुणी नव्हतं, दार लावलेलं होतं. माझी घडीही तशीच होती. तरी त्या दोन खोलगट जागांवर दोन गुडघे टेकले गेले. ते वजन मी ओळखते. उजवा गुडघा आधी, मग कण्हल्यासारखा एक श्वास, मग डावा. कोंबडा आरवला, उजाडलं, पण वजन उठलं नाही. ती स्वतः होती की नुसतं तिचं मागणं मागं राहिलं होतं, ते मला सांगता येणार नाही. मी लोकर आहे. माझ्यावर कुणी बसलंय की नाही, एवढंच मला कळतं.

निकिताच्या ध्यानात आलं ते काही दिवसांनी. तिनं मला हवा लागावी म्हणून अंगणात पसरलं आणि रात्री आत घ्यायला विसरली. सकाळी बघते तर माझ्या अंगभर दहिवर पडलेलं, आणि त्या दोन जागा मात्र कोरड्या ठाक. तिनं हात लावला. गरम होत्या. घरातलं मांजर माझ्या काठावर अंग मुडपून झोपलं होतं, पण कुणाच्या तरी मांडीला टेकून झोपावं तसं, त्या जागांना वळसा घालून.

शेजारच्या शिवम्माआजी सकाळचं ताक द्यायला आल्या होत्या. त्या लिंगायतांच्या, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं कानडी. पण दगडाबाईशी त्यांचं मैत्र जन्माचं. त्यांनी वाकून माझ्यावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"अगं निकिता," त्या हळूच म्हणाल्या, "ही उठलीच न्हाय की अजून."

निकितानं नवऱ्याला बोलावलं. योगीराजनं हात लावला. त्याच्या अंगावर काटा आला, डोळे भरले, आणि तिथंच तो थांबला असता तर पुढची गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण त्याला येत्या रविवारचं प्रवचन सुचलं.

त्या रविवारी त्यानं मला मंडळीसमोर धरलं. माय गेली पण तिची प्रार्थना अजून जिवंत आहे, असं तो म्हणाला. ते खरंच होतं. रांग लागली. एका बाईनं माझ्यावरनं हात फिरवून तो दुखऱ्या कमरेवर चोळला आणि ताठ उभी राहिली. झालं. ही बातमी तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत पोचायला वेळ लागला नाही.

मग माणसं येऊ लागली. जळकोटहून आली, सोलापूरहून आली, तुळजापूरला गाडी बदलून बेंबळीचा रस्ता विचारत आली. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला पत्र्याखाली जागा पुरेना म्हणून पुढं मांडव पडला. मला घरातल्या पेटीवरनं उचलून प्रार्थनाघरातल्या टेबलावर ठेवलं, खाली लाल मखमल, भोवती दोरी. ज्या घरानं पिढ्यांपूर्वी मूर्ती सोडली होती, त्या घरात आता माझ्यावर अत्तर शिंपडलं जाऊ लागलं. कुणी माझ्या काठाची दशी तोडून ताईत करायला न्यायचं. मी भुंडी होत चालले. एवढ्या माणसांत गुडघे टेकायचे ते देवापुढं, की घोंगडीपुढं, हा साधा प्रश्न कुणाला पडत नव्हता. मला पडत होता, पण मला विचारतो कोण.

योगीराजचं नाव झालं. लोक त्याला वाकून सलाम करू लागले. इतर गावांतले पाळक येऊन मंडळी वाढवायची युक्ती विचारू लागले. आणि त्याची स्वतःची प्रार्थना उरली फक्त माईकपुरती. शब्द तेच, हुंदका त्याच ठिकाणी. माईक बंद झाला की देवाशी बोलणंही बंद. पहाटे तो घोरत असायचा.

इकडं माझ्यावरचं वजन वाढत होतं.

हे कुणाला दिसत नव्हतं. त्या दोन जागांतली लोकर आतल्या आत तुटत चालली होती. मला टेबलावर ठेवल्यापासून कुणाचाही गुडघा मला लागला नव्हता, तरी खड्डे खोल होत होते. निकितानं एकदा बसून दोन्ही जागा काळ्या लोकरीनं रफू केल्या. सकाळी ती लोकर झिजून गेलेली होती, वर्षभर कुणी घासावी तशी. तिनं सुई लोकरीच्या गुंड्यात खोचून ठेवली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडं गेली. दुपारची वेळ होती. तो उद्याच्या शुक्रवारसाठी मोठे कर्णे कुठं बांधायचे ते बघत होता.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "माय तुमच्यासाठी काय मागायची, ठावं हाय का तुमाला?"

"माजं बरं व्हावं म्हणून मागायची. झालं की बरं."

"न्हाय. माय म्हणायची, ह्येला तुजी भूक लागू दे. रोज त्येच. म्या चुलीपाशी ऐकायची."

योगीराज हसला. "मग? एवढा जोगवा मागितल्यागत लोक दारात येत्यात, ते भुकेबिगर का?"

"लोकास्नी भूक हाय. तुमचं म्हणते म्या." तिचा आवाज चढला नाही. "तुमी समद्यास्नी सांगताय, माय अजून गुडघं टेकून हाय. कशापायी टेकून हाय, ह्येचा इचार केला का कवा? मागणं पुरं झालं असतं तर उठली नसती व्हय ती?"

योगीराज वायर सोडता सोडता थांबला. वायरीचं भेंडोळं तसंच हातात राहिलं. निकिता निघून गेली.

बऱ्याच वेळानं तो प्रार्थनाघरात आला आणि त्यानं दार आतून लोटलं. पत्रा तापून करकरत होता, उकाड्यानं जीव घाबरा व्हावा अशी दुपार. त्यानं दोरी ओलांडली आणि माझ्या एका खड्ड्यात तळहात ठेवला. इतके दिवस त्यानं ऊब दाखवली होती, स्वतः कधी थांबून चाचपली नव्हती. आता थांबला. आणि त्याला कळलं ते मला कितीतरी दिवस कळत होतं. ती जागा थरथरत होती. फार वेळ टेकून राहिलेल्या म्हाताऱ्या गुडघ्याची असते तशी ती थरथर होती.

"माय," तो पुटपुटला. "माय, ऊठ की आता."

वजन हललं नाही.

त्यानं मला टेबलावरनं उचललं. मखमल ओढून बाजूला टाकली आणि मला पूर्वीसारखं जमिनीवर अंथरलं. तो गुडघे टेकायला वाकला तो सरळ त्या दोन खड्ड्यांवर, आणि मध्येच थबकला. तिथं जागा नव्हती. डोळ्याला रिकामं दिसत होतं, पण माणसाच्या अंगावर आपण जाऊन बसत नाही, तसा तो तिथं बसू शकला नाही. तो सरकला आणि माझ्या एका कडेला, मांजर झोपायचं तिथं, आईच्या शेजारी त्यानं गुडघे टेकले.

एवढा बोलका माणूस, पण त्याला शब्द सुचेनात. माईकवरची सगळी वाक्यं तोंडाशी येऊन परत गेली. शेवटी तो जे बोलला ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"देवा, मला तुजी भूक न्हाय. खोटं बोलत आलो म्या. लागावी असं बी वाटत न्हवतं." तो थांबला, आणि मग लहान पोरासारखा रडत म्हणाला, "आज वाटतंय. लई वाटतंय. तू न्हाईस तर ह्ये समदं मला नगं."

तो किती वेळ तसा होता, मला माहीत नाही. मला आठवतं ते एवढंच, की आधी डावा गुडघा उठला. मग कण्हल्यासारखा एक श्वास, मग उजवा. माझी दबलेली लोकर एकेक करून वर आली. पत्र्याखाली भट्टी पेटली होती आणि माझ्या त्या दोन जागा विहिरीच्या पाण्यासारख्या गार पडत गेल्या. योगीराजनं वर पाहिलं नाही. त्याची प्रार्थना चालू होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मांडव भरलेला. पहिल्या माणसानं मला हात लावला आणि मागच्याकडं बघितलं. दुसऱ्यानंही तेच केलं. कुजबुज सुरू झाली. योगीराजनं माईक न घेताच सांगितलं, "घोंगडी गार पडली. माय उठली. ती माज्यासाठी टेकून हुती. म्या देवापासनं लांब हुतो म्हणून ही गरम हुती, आन् म्या तीच ऊब तुमाला दाखवत बसलो. मला माफ करा."

कुणी म्हणालं घोंगडी विटाळली, कुणी म्हणालं पाळकाचं डोकं फिरलं. दुपारपर्यंत मांडव रिकामा झाला. शिवम्माआजी तेवढ्या काठी टेकत आत आल्या, माझ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेली गं बाई. बरं झालं. लई दमली हुती."

आता मी पुन्हा जमिनीवर असते. दश्या गेल्यात, अत्तराचा वास अजून पुरता गेला नाही. मंडळी तीच, जुनी पाच-सात घरं. पण पहाटे योगीराज येतो, त्याच्या शेजारी निकिता असते, आणि कधी कधी मागच्या भिंतीला टेकून आणखी कुणी. तो अजून चुकतमाकत बोलतो. काही दिवस नुसताच बसतो. गेल्या आठवड्यात मात्र तो बसता बसता म्हणाला, "आलो बाबा. बरं हाय न्हवं?" आणि निकितानं झटकन तोंड वळवलं.

त्याच्या गुडघ्यांखाली मी गरम होते आणि तो उठला की निवते. जिवंत माणसाची ऊब अशीच असते, कालची आज पुरत नाही. म्हणून त्याला रोज यावं लागतं.

तुमच्याही घरात पेटीवर, माळ्यावर अशी एखादी घोंगडी किंवा वाकळ असेल, आई-आजीच्या गुडघ्यांची. एकदा घडीच्या आत हात घालून बघा. गार लागली तर देवाचे आभार माना. आणि विनाकारण ऊबदार लागली तर भिऊ नका, पण ती कुणाला दाखवायलाही जाऊ नका. तुमच्यासाठी कुणीतरी अजून टेकून आहे. तिच्या शेजारी बसा आणि तिला उठू द्या.