कोरा कोपरा

पणजेसासऱ्यांनी जमिनीत पुरलेला रांजण, आजेसासऱ्यांनी ठरवून दिलेले निळीचे प्रमाण आणि सासऱ्यांनी तासलेली काठी, या तिन्हींचा मान राखत माईंनी कापडाचा एक कोपरा चिमटीत धरला आणि बाकीचे कापड सावकाश निळीत सोडले. वर काढले तेव्हा ते पिवळट हिरवे होते. वारा लागला तसतसे ते निळे होऊ लागले. या घटकेला माई कुणाशी बोलत नसत आणि त्यांच्याशी बोलण्याची कुणाची छाती होत नसे.

चिमणीची झाली.

“माई, एक घोळ झालाय.”

“तो निस्तरायला तुझी आजी आहे. मला कापड वाळत घालू दे.”

चिमणीची आजी म्हणजे माईंच्या थोरल्या जाऊबाई. दाराशी खुर्ची टाकून त्या वाळलेल्या कापडांच्या घड्या घालत होत्या. “माझ्या अंगावर नको ढकलूस,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “स्पर्धा तुझी, घोळही तुझाच असणार.”

स्पर्धा होती खरी. जगभरच्या लोकांनी घरबसल्या भाग घ्यावा, तैलरंग, काच, माती, धागा, संगणकावरचे चित्र, कशातूनही रंगाचा उत्सव करावा आणि छायाचित्र पाठवावे, असे तिचे स्वरूप. चिमणी नोकरीसाठी नुकतीच आजीकडे राहायला आली होती. तिने स्वतःचे संगणकावरचे चित्र पाठवले आणि सोबत माईंचे एक कापडही. “माझ्या निळीला परीक्षक कशाला हवेत?” असे माई तोऱ्यात म्हणाल्या होत्या, आणि मग रोज सकाळी निकाल लागला का म्हणून पोरीला भंडावून सोडत होत्या. दोघींचीही निवड अंतिम फेरीत झाली तेव्हा ही बातमी गल्लीत ज्याला त्याला ऐकवण्याचे काम माईंनी जातीने केले.

“त्यांनी कापडाचा दुसरा फोटो मागवला होता,” चिमणी म्हणाली. “फोनवरून काढलेला, जसाच्या तसा. मी पाठवला. आता म्हणतात, दोन्ही फोटो जुळत नाहीत. दुसऱ्यात कोपऱ्यावर पांढरा डाग आहे, पहिल्यात नाही.”

“पहिल्यात का नाही?”

“मी काढून टाकला होता. कॉम्प्युटरवर. मला वाटलं, रंगवताना चुकून राहिलाय.”

माईंनी हातातले कापड दोरीवर टाकले. दुसरे रंगारी कापड उलटून चिमटीतला कोपराही बुडवून घेत. या घराची रीत वेगळी होती. कापड मुळात कसे होते ते घेणाऱ्याच्या नजरेस पडावे, म्हणून तेवढा कोपरा कोरा राखायचा. पारखी गिऱ्हाईक आधी तो कोपरा शोधी आणि मगच भाव विचारी.

“या घराची ओळख पुसलीस तू,” माई म्हणाल्या, “आणि वर त्याला डाग म्हणतेस?”

चिमणीचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. “दुपारी आपल्याला स्क्रीनवर बोलावलंय. बदल कलाकाराने केला असेल तर कलाकृती बाद. दुसऱ्या कुणी परस्पर केला असेल तर कापड राहील, पण त्या माणसाला कायमची बंदी. त्याचं स्वतःचं काही स्पर्धेत असेल तर तेही जाईल. मी खरं सांगणार आहे, माई. तुमचं कापड राहील.”

“सांगायलाच हवं,” माई म्हणाल्या.

थोरल्यांनी एक घडी गुडघ्यावर दाबून सपाट केली. “नव्या माणसाला तो डागच दिसतो,” त्या म्हणाल्या. “त्यात नवल ते काय?”

एवढेच. पण माईंचा दोरीवरचा हात तिथेच थांबला.

माई या घरात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा मोठ्या मागणीचा माल वाळून तयार होता. प्रत्येक कापडावरचा पांढरा कोपरा त्यांच्या डोळ्यांना खुपला. सासरची कामगिरी नीटनेटकी करून द्यावी, या हौसेने त्यांनी एकेक कोपरा निळीत बुडवला. सगळा माल परत आला. सासऱ्यांचा पारा असा चढला की धाकट्या सुनेला त्याच पावली माहेरी धाडले असते. तेव्हा थोरली पुढे झाली आणि “मी बुडवले” म्हणाली. त्या दिवसापासून थोरलीच्या हाताला रांजण बंद झाला. निळीत सर्वांत तयार हात तिचा होता. शिकवायला दुसरे कुणी उरले नाही, तेव्हा सासऱ्यांनी धाकटीला रांजणासमोर उभे केले. पुढे सासरे गेले, पण त्यांचा शब्द उठवावा असे माईंच्या मनात आले नाही. किंवा आले, आणि त्यांनी ते गाळासारखे तळाशी बसू दिले.

दुपारी पडद्यावर एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. त्यांचे म्हणणे दुभाषी समजावून सांगत होता.

“छायाचित्रातला बदल कुणी केला?”

चिमणीने तोंड उघडले. माईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

“मी करवला.”

“माई!”

“मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये.”

“म्हणजे मुलीने तुमच्या सांगण्यावरून केला?” दुभाष्याने विचारले.

“माझ्या घरात माझ्या सांगण्यावाचून पानही हलत नाही. विचारा कुणालाही.”

पडद्यावरच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतले. मग दुभाषी म्हणाला, “कापड बाद करावं लागेल. मुलीचं चित्र राहील. बाई म्हणतात, त्या निळ्या रंगावर सगळ्या परीक्षकांचं एकमत झालं होतं.”

“त्यांना नमस्कार सांगा,” माई म्हणाल्या आणि स्वतः उठून बाहेर गेल्या.

थोरल्या अजून दाराशीच होत्या. खिडकीतून त्यांना सारे ऐकू आले होते.

“किती मिरवणार होतीस त्या बक्षिसाने,” त्या म्हणाल्या.

“तुम्हालाही रांजणाची कमी हौस नव्हती, ताई.”

इतक्या वर्षांत हा विषय त्या दोघींमध्ये कधी निघाला नव्हता. थोरल्यांनी हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“कमी नव्हती खरी,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे. फिटलं तुझं.”

“एक बक्षीस गेलं म्हणून? तुमचा उभा जन्म गेला.” माईंनी दोरीजवळचे एक पांढरे कापड उचलून पुढे केले. “उठा.”

“आता या वयात? हात बघ कसे थरथरतात.”

“उठा म्हणते ना!”

“मोठी आली हुकूम सोडणारी,” थोरल्या पुटपुटल्या, पण खुर्चीचा हात धरून उठल्या. माई बाजूला सरल्या. थोरल्यांनी बाह्या सारल्या, रांजणावर वाकून वास घेतला आणि कापड न घेताच दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. आतल्या काठीने त्यांनी तळ चाचपून पाहिला.

“पाणी कमी झालंय,” अखेरीस त्या म्हणाल्या. “आणि ढवळतेस कशी गं? तळाला गोळे आहेत.”

“सांगाल तसं करते.”

थोरल्यांनी हात बाहेर काढले. हिरवट हातांवर वारा लागून निळा रंग चढू लागला होता. तो पुसायला त्यांनी काही मागितले नाही.

“हं,” त्या म्हणाल्या, “आता फिटलं.”