थेनच्या बंदुकीवरची दुर्बीण

थेनने बंदुकीवरचं फडकं काढलं आणि लारू चालता चालता थांबली. नळीवर काळीभोर दुर्बीण बसवलेली होती.

ठासणीच्या बंदुकीचा हंगाम म्हणजे दारू मापून ओतायची, गोळी गजाने ठासायची आणि नेम धरायचा तो उघड्या डोळ्यांनी, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा बारीक खिळा, बघून. दुर्बीण चालत नाही. हा नियम ठेवायचा की काढायचा, यावर सोमवारी शिकार समितीत मतदान होतं. समितीत पाच जण, पाचवी लारू. बाकीचे दोन-दोन असे फुटलेत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

थेन तिचा थोरला भाऊ, एकाहत्तर वर्षांचा. या डोंगरातल्या एल्कचा, म्हणजे थोराड शिंगाळ्या हरणाचा, परवाना सोडतीत निघायला त्याला अकरा वर्षं लागली होती.

खाली दोनशे पावलांवर, अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या झाडीत एल्कचा नर उभा होता. वारा खालून वर येत होता. त्याला काहीच पत्ता नव्हता.

"आधी बघ," थेन कुजबुजला, "मग सोमवारी हात वर कर."

लारूने काचेला डोळा लावला. नराच्या नाकपुडीतली वाफ दिसली, कानावर बसलेलं चिलट दिसलं. तिने डोळा झटकन काढला. हे फार सोपं होतं, म्हणूनच तिला भीती वाटली.

थेनने बंदुकीचा घोडा मागे ओढला.

"गोळी सुटली तर शिकार खात्याला तुझं नाव मीच कळवीन, थेन," ती हळूच म्हणाली.

"सख्ख्या भावाचं?"

"हो. आणि संध्याकाळी तुझ्याकडे जेवण घेऊनही येईन."

"गेल्या वर्षी ती हरणी उघड्या माशीनेच मारली होती मी. नियमाने. दोन दिवस रक्ताचा माग काढला, सापडली नाही. तिचं नाव कुणाला कळवलंस?"

लारूने दुर्बिणीकडे बोट दाखवलं. तिने नुसता हात पुढे केला. थेनने त्या हाताकडे बघितलं. मग घोडा अलगद उतरवून त्याने स्क्रू सैल केले आणि दुर्बीण तिच्या हातावर ठेवली. तिने ती पिशवीत टाकली.

दोघं सेजच्या झुडपांतून रांगत निघाले. थेनचे गुडघे कुरकुरत होते. सत्तर पावलांवर तो थांबला, बंदूक खांद्याला लावली. नराने मान वर केली. लारू मनात देवाचं नाव घेत राहिली. काय मागावं ते मात्र तिला सुचेना.

थेनचा श्वास थांबला, सुटला, पुन्हा थांबला.

"माशा दोन दिसतायत," तो पुटपुटला, आणि नळी खाली केली. नर झाडीत शिरला. फांद्यांचा आवाजही विरला.

ठासलेला बार काढायचा तर उडवावाच लागतो, आणि भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही ही त्यांच्या वडिलांची शिस्त. गाडीपाशी आल्यावर थेनने सत्तर पावलांवरच्या मातीच्या दरडीतला एक पांढरा दगड हेरला आणि बार उडवला. धूर विरल्यावर दोघं बघायला गेले. भोक दगडापासून चांगलं हातभर डावीकडे होतं. थेनने त्यात बोट घातलं.

"नराच्या छातीवर नेम धरला असता तर गोळी पोटात," तो म्हणाला.

आवाज ऐकून पंधरा मिनिटांत शिकार खात्याचा ब्रॅडी गाडी घेऊन आला. लारूने त्याला चर्चच्या रविवारच्या वर्गात शिकवलं होतं; चर्चच्या रिवाजाप्रमाणे तो तिला अजून सिस्टर टॉलमनच म्हणायचा.

"काय थेन, एल्क पडला की डोंगर पडला?"

"डोंगर. तोही नुसता जखमी."

ब्रॅडी हसला. हसता हसता त्याची नजर नळीवर गेली. दुर्बीण बसवायची पट्टी तिथेच होती, स्क्रू सैल. त्याचं हसू मावळलं. थेनकडे न बघता त्याने लारूला विचारलं, "सिस्टर टॉलमन, आज हिच्यावर काच होती का?"

पिशवीचा बंद लारूच्या मुठीत घट्ट आवळला गेला. हो म्हटलं तर थेनचा परवाना तीन वर्षं तरी गेला, या वयात म्हणजे कायमचाच. तिने तोंड उघडलं.

"तिला नको विचारूस," थेन मध्येच म्हणाला. "होती. सकाळपासून. तिला न सांगता मीच लावली होती. तिनेच उतरवायला लावली."

ब्रॅडी घुटमळला. "गोळी तर तू मातीत मारलीस. मी आलोच नव्हतो असं..."

"आलास. लिही."

ब्रॅडीने बोनेटवर वही ठेवली. लारूने दुर्बीण काढून वहीशेजारी ठेवली.  थेनने खिशातून परवान्याची घडी काढली, उलगडली, एकदा नीट वाचली आणि ब्रॅडीकडे दिली.

मग गाडीची किल्ली बहिणीकडे देत म्हणाला, "तू चालव. आणि सोमवारी तुला पटेल तेच कर. माझ्याकडे बघून करू नकोस."